पन्हळीतली होडी आणि पोटातला गोळा



परीक्षा संपल्या आहेत, शाळांना कुलपे लागली आहेत, आणि येत्या आठवड्यात आपल्या उरणातल्या बऱ्याच घरांतून एकच टुमणे सुरू होणार आहे : "खोपोलीला कधी न्यायचे?" खोपोलीला म्हणजे खोपोली गावात नव्हे. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागले की जी इमॅजिका नावाची क्रीडानगरी लागते, तिथे. २०१३ साली ती उघडली, आणि तेव्हापासून आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मुलांच्या सुट्टीचा तो एक कुळाचारच होऊन बसला आहे. त्याआधीच्या पिढीला गोराईचे एस्सेलवर्ल्ड होते. १९८९ साली ते सुरू झाले. आता तेथले पाळणे थांबले आहेत. पण तिथे जाण्यासाठी मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला, तिथून आगगाडीने बोरिवलीला, पुढे बस आणि मग पुन्हा खाडी ओलांडायला होडी, असा द्राविडी प्राणायाम ज्यांनी केला, त्यांपैकी काही जण आज ह्या सभागृहात असतील. दोन खऱ्या होड्यांतून उतरून तिसऱ्या खोट्या होडीत बसायला आपण जात होतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्या खोट्या होडीविषयीच मला आज बोलायचे आहे. पाण्याने भरलेल्या उंच पन्हळीतून ती संथपणे जाते, एका टोकाला येऊन क्षणभर थबकल्यासारखी वाटते, आणि मग तीव्र उतारावरून खालच्या पाण्यात कोसळते. इंग्रजीत त्या खेळाला 'लॉग फ्लूम' म्हणतात. लॉग म्हणजे ओंडका आणि फ्लूम म्हणजे पन्हळ. व्याख्यानमालेला हा विषय पोरकट आहे असे कोणाला वाटले तर त्याला माझी हरकत नाही. परंतु चार माणसांच्या कुटुंबाला ह्या एका दिवसापायी जवळजवळ महिन्याच्या वाणसामानाइतका खर्च येतो, आणि एवढे करून कित्येक जण हिरमुसले होऊन परततात. "दोन क्षणांचा तर खेळ, त्यासाठी तासभर रांग!" असे म्हणतात. काही मुले तर रडत परततात. माझ्यामुळे एक मूल असे परतले होते. ती हकीकत पुढे येईलच.

आधी ही पन्हळ आली कोठून ते पाहू. कोकणात पन्हळ काही नवी नाही. रहाटाने विहिरीचे पाणी वर काढायचे, ते पन्हळीत ओतायचे आणि उताराउताराने पोफळीच्या आळ्यापर्यंत न्यायचे, हे आपल्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्या पाटाच्या पाण्यात नारळाच्या करवंटीची होडी सोडली नाही असा वाडीतला मुलगा विरळा. अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांनी नेमके हेच मोठ्या प्रमाणावर केले. डोंगरमाथ्यावर झाडे तोडलेली, खाली खोऱ्यात लाकडाची गरज, आणि मध्ये रस्ता नाही. तेव्हा त्यांनी फळ्या जोडून मैलोगणती लांबीच्या लाकडी पन्हळी बांधल्या, त्यांत ओढ्याचे पाणी सोडले आणि ओंडके नि फळ्या त्यातून खाली वाहून नेल्या. पन्हळीची डागडुजी करायला माणसेही कधी कधी होडीवजा पेटीत बसून खाली येत. १८७५ साली नेवाडा प्रांतात फेअर आणि फ्लड ह्या दोन गडगंज खाणमालकांनी एका बातमीदाराला बरोबर घेऊन अशा पन्हळीतून पंधरा मैलांची, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची, उडी घेतली. पस्तीस मिनिटांत ते खाली पोचले. सगळी खाण नावावर करून दिली तरी पुन्हा बसणार नाही, असे त्यांपैकी एकाने नंतर सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. म्हणजे ह्या खेळाचा पहिला गिऱ्हाईकच नाखूश होता!

त्याचा खेळ झाला तो मागाहून. रुंद होडीत बाकावर बसून उतारावरून तळ्यात घसरण्याचा प्रकार जुना. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला १८९५ साली तो गर्दी खेचत होता. अरुंद, ओंडक्याच्या आकाराची, एकामागे एक बसायची होडी मात्र १९६३ साली टेक्सासमधल्या एका उद्यानात प्रथम आली. तिचे नाव स्पॅनिश भाषेतले होते आणि त्याचा अर्थ 'लाकूड कापायची गिरणी'. खेळातसुद्धा त्या लोकांनी आपल्या लाकूडतोड्यांची आठवण ठेवली. आपल्याकडे ओंडका म्हटला की निराळी आठवण होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या रानात जंगल सत्याग्रह झाला आणि त्यावर गोळीबार झाला. ज्या गावाने लाकडावरच्या हक्कासाठी रक्त सांडले, त्याच्या शेजारच्या मुलाने ओंडक्याच्या होडीत बसून हसावे, ह्यात मला काही गैर दिसत नाही. फक्त त्याला चिरनेर ठाऊक असावे.

इमॅजिकातली होडी रुंद होडीच्या कुळातली आहे. तिला 'राजासौरस'चे नाव दिले आहे आणि ती यांत्रिक डायनासोरांच्या मधून जाते. राजासौरस हा मात्र कोणा परदेशी चित्रपटवाल्याच्या डोक्यातून निघालेला प्राणी नाही. त्याची हाडे गुजरातेत सापडली, आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला 'राजासौरस नर्मदेन्सिस' असे नाव दिले. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या रूपाने वाहत होता, त्याच सुमाराचा तो रहिवासी. आपला द्रोणागिरीचा डोंगरही त्याच पाषाणाचा. रांगेत ताटकळलेल्या मुलाला एवढे सांगितले तर पुढची पंधरा मिनिटे तरी तो "अजून किती वेळ" असे विचारणार नाही.

आता उताराचा विचार करू. ह्यासाठी खोपोलीसारखे दुसरे गाव नाही. क्रीडानगरीकडे वळण्यापूर्वी गाडीतून घाटाकडे पाहिले तर डोंगरावरून उतरणारे जाड नळ दिसतात. १९१५ सालापासून टाटांचे वीजघर तिथे चालू आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी ह्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि चाकाच्या वाट्यांवर आदळून ते चाक फिरवते. उंचीवरचे पाणी म्हणजे साठवलेली शक्ती, आणि ते खाली आले की त्या शक्तीचा वेग होतो, हा नियम मी शाळेत तीस वर्षे फळ्यावर लिहिला. पण मुलांना तो खोपोलीच्या सहलीतच समजे. क्रीडानगरीत हाच व्यवहार उलटा चालतो. तिथे वीज खर्च करून पंप पाणी वर चढवतात आणि होडीला पट्ट्याने किंवा साखळीने वर ओढून नेतात. डोंगर जे फुकट देतो ते सपाटीवर विकत घ्यावे लागते. तुमच्या तिकिटातला एक भाग ह्या चढणीचा आहे, म्हणून चढण चालू असताना डोळे मिटून बसू नका. होडी वर ओढली जाताना खालून 'खट् खट्' असा आवाज येतो. तो ऐकून अनेकांना यंत्र मोडल्याची शंका येते. वास्तविक ती दात्यावर पडणारी खिट्टी असते. साखळी तुटलीच तर होडी मागे घसरू नये, ह्यासाठी ती प्रत्येक दात्यावर अडकत जाते. विहिरीच्या रहाटालाही अशी खिट्टी असते. ज्याला हे माहीत आहे त्याला तो आवाज धीर देतो. ज्याला माहीत नाही त्याचा तोच आवाज धीर खचवतो. आवाज एकच आहे.

माथ्यावरून होडी सुटली की किती वेगाने येते? समजा, उतार पंधरा मीटर उंचीचा आहे, म्हणजे साधारण पाचमजली इमारतीएवढा. घर्षण सोडून दिले तर तळाशी वेग सेकंदाला सतरा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर भरतो. प्रत्यक्षात चाके आणि पाणी त्यातला काही भाग खातात. पनवेलच्या रस्त्यावरची बस ह्याहून जोरात जाते, हे आपण सर्व जाणतो. मग पोटात गोळा का येतो? कारण तो वेगामुळे येतच नाही. आपण खुर्चीत बसतो तेव्हा खुर्ची आपल्याला खालून रेटत असते, आणि त्या रेट्यालाच आपण आपले वजन समजतो. होडी ४५ अंशांच्या उतारावर सुटली की आसनाचा तो रेटा शेकडा सत्तरावर येतो, आणि माथ्याच्या वळणावर तर त्याहूनही कमी होतो. पोटातली आतडी एरवी आपल्या भाराने खाली लोंबत असतात. त्यांचा भार एकाएकी हलका होतो. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियालाही बदल कळतो आणि ते मेंदूला "पडलो!" असे कळवते. हा सारा प्रकार अडीच सेकंदांत उरकतो. त्या अडीच सेकंदांत माणूस श्वास कोंडून धरतो, खांदे आवळतो, मान ताठ करतो, आणि मग तळाशी धक्का बसला की मान दुखते म्हणून तक्रार करतो. म्हणून माझी सूचना अशी की माथ्यावर श्वास घेऊन ठेवा आणि उतारावर तो मोकळा सोडा. ओरडलात तर फारच उत्तम. ओरडणे म्हणजे तरी काय, आवाज करीत श्वास सोडणेच! आपल्याकडची प्रौढ मंडळी लोक काय म्हणतील म्हणून ओठ घट्ट मिटून बसतात आणि पाणी नाकातून घेतात.

तळाच्या फवाऱ्याविषयी फार मोठा गैरसमज आहे. पाणी उडते ते प्रेक्षकांच्या मौजेसाठी मुद्दाम उडवलेले असते, असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता तो ह्या होडीचा ब्रेक आहे. उतारावर कमावलेला वेग कुठेतरी टाकून द्यायला हवा. होडीची नाळ पाण्यात घुसते, पाणी दोन्ही बाजूंना लोटते, आणि होडीची गती त्या पाण्याला देऊन टाकते. जितके पाणी उडाले तितका वेग गेला. होडीत माणसे जास्त असतील तर ती पाण्यात खोल रुतते आणि लाटही मोठी उठते. उतारावरचा वेग मात्र भारामुळे फारसा बदलत नाही. ह्यावरून कोठे बसावे ते ज्याचे त्याने ठरवावे. ज्याला चिंब व्हायचे आहे त्याने नाळेपाशी बसावे. मागच्याला भिजणे सहसा कमी, पण पुढचा भाग उताराला लागला की मागचे टोक झपकन ओढले जाते, तेव्हा गोळा त्याला जास्त. मधल्या बाकावर दोन्ही बेताचे. झोपाळ्याच्या फळीप्रमाणे मध्यभाग कमी हलतो. करंज्याहून रेवसच्या तरीने पावसाळ्याच्या तोंडाला गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. पोट नाजूक असलेली मंडळी तिथे मधली जागाच धरतात.

आता ती हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला अशाच एका ठिकाणी घेऊन गेलो होतो. ठिकाणाचे नाव सांगत नाही, कारण चूक ठिकाणाची नव्हती. रांगेत आमचा नंबर जवळ आला तसा तो गप्प झाला. मग माझा सदरा धरून म्हणाला, "मामा, मी खालीच थांबतो." मी काय म्हणावे? मी म्हणालो, "अरे, उरणचा ना तू? मोऱ्याच्या लाँचमध्ये बसतोस आणि ह्या खेळण्याला घाबरतोस?" रांगेतले चार जण हसले. तो बसला. माझ्यासाठी बसला, त्या हसणाऱ्यांसाठी बसला. उतारावर त्याने माझा हात एवढा घट्ट धरला की नखे उमटली, आणि खाली आल्यावर तो रडलाही नाही, नुसता पांढराफटक झाला होता. मी त्याला शाबासकी दिली. पुढच्या महिन्यात माझी बहीण त्याला घेऊन मुंबईला निघाली, तेव्हा मोऱ्याच्या धक्क्यावर तो पायरीवरच बसला. लाँचमध्ये पाऊल टाकीना. ज्या लाँचमध्ये तो तान्हा असल्यापासून बसत होता, तीत! त्या दिवशी मायलेकांना पनवेलवरून वळसा घालून जावे लागले. दीड वर्ष हेच चालले. समुद्राच्या काठच्या मुलाला मी समुद्राची भीती घातली.

त्यानंतर एकदा शाळेच्या सोबत्यांकडून ऐकून त्यानेच पुन्हा तिथे जायचे नाव काढले. ह्या वेळी मी तोंडाला कुलूप घातले होते. आम्ही रांगेत गेलोच नाही. उताराच्या समोर, जिथे प्रेक्षक उभे राहतात त्या कठड्याशी उभे राहिलो. त्याने होड्या मोजायला सुरुवात केली. आधी तो फक्त कोसळणारी होडी पाहत होता. सातव्या-आठव्या होडीनंतर तो उतरणाऱ्या माणसांची तोंडे पाहू लागला. मग म्हणाला, "रिकामी असली की कमी उडतं." आणखी काही होड्या गेल्या. "मामा, पाणीच होडीला धरतं." तीस वर्षांच्या शिकवण्यात मला ब्रेकचे इतके सुबक वर्णन सुचले नव्हते. एकवीस होड्या मोजून झाल्यावर तो आपण होऊन रांगेकडे वळला. रांगेच्या शेवटी, होडीत बसण्याआधी, परत फिरणाऱ्यांसाठी एक वाट असते. बहुतेक ठिकाणी असते. तिच्यापाशी तो घुटमळला. मी म्हणालो, "ह्या वाटेने गेलास तरी आपण खाली वडापाव खायचाच आहे." त्याने विचार केला, आणि मधले बाक धरले. घरी परतताना मोऱ्याचा विषय मी काढला नाही. पुढच्या महिन्यात तो लाँचने मुंबईला गेला, एवढे मला बहिणीकडून कळले.

मला ह्या खेळाविषयी जे काही सांगायचे आहे ते बहुतेक सगळे ह्या दोन फेऱ्यांत आले. उतार तोच होता, पाणी तेच होते. पहिल्या वेळी त्याला ढकलले होते, दुसऱ्या वेळी तो स्वतः गेला. भीती विकत घेण्याची ही जागा आहे. आणि विकत घ्यायच्या वस्तूची घासाघीस करण्याचा, ती न घेण्याचा, आधी हातात घेऊन पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. लहान गिऱ्हाइकालाही असतो. म्हणून तिथे पोचल्याबरोबर मुलांना रांगेत उभे करू नका. दहा होड्या पाहू द्या. त्यात वेळ जातो असे वाटेल, पण तो खेळाचाच भाग आहे, आणि त्याला रांग नसते.

ह्यालाच लागून दुसरी गोष्ट येते. एकदा होडीत बसल्यावर मात्र हा हक्क संपतो, आणि तिथे आपल्या लोकांचा गोंधळ होतो. लाँचमध्ये तांडेल असतो, खलाशी असतात, कोणी उठून उभा राहिला तर "बस रे खाली!" अशी हाक येते. इथे होडीत तांडेल नाही. तो काम करणारा मुलगा धक्क्यावरच राहतो, आणि पुढे तुम्हीच तुमचे तांडेल. २००० सालच्या नोव्हेंबरात फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात ह्याच जातीच्या खेळात एका माणसाला अस्वस्थ वाटू लागले म्हणून तो चालत्या होडीतून उतरायला गेला, आणि मागच्या होडीखाली सापडून मरण पावला. बसून राहिला असता तर काही मिनिटांत धक्क्याला लागला असता. दुसरी घटना २५ ऑक्टोबर २०१६ ची, ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टची. तिथे तराफ्यांचा खेळ होता. पंप बंद पडला, पाण्याची पातळी उतरली, एक तराफा रुळावर अडकला, मागून दुसरा त्यावर येऊन आदळला, आणि चार माणसे दगावली. त्यांची काहीच चूक नव्हती. चूक यंत्राची आणि ते सांभाळणाऱ्यांची होती, आणि चालकांना मोठा दंडही झाला. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला लाँच का लागत नाही, ते ज्याला कळते त्या उरणकराला ह्यातले मर्म चटकन समजेल : होडीच्या खालचे पाणी गेले की ती होडी राहत नाही. पन्हळीतले पाणी नेहमीपेक्षा खाली दिसले, होड्या अडकत-अडकत चालल्याचे दिसले, तर त्या फेरीला बसू नका, आणि तिथल्या माणसाला तसे स्पष्ट सांगा. संकोच बाळगू नका. अशा घटना क्वचित घडतात, एरवी लक्षावधी माणसे सुखरूप उतरतात. पण क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठीच तर खिट्टी असते.

मध्येच होडी थांबली तर? थांबते कधी कधी; पुढची होडी धक्क्यावर रिकामी होत नसेल तर मागच्या थोपवून धरतात. अशा वेळी बसून राहावे, हात आत ठेवावेत, सूचना येईल तिची वाट पाहावी. बसताना पाठ आसनाला टेकलेली, पाय पुढे टेकवलेले, दोन्ही हात दांडीवर. हात वर करून फोटोत झळकण्याची हौस असते, पण ती तरुणांनी उतार सरळ आहे असे पाहून भागवावी. वळणावर हात बाहेर गेला तर पन्हळीची भिंत जवळ असते.

उंचीच्या पट्टीविषयी एक कटू बोलतो. दाराशी मुलांची उंची मोजायला खांब असतो, आणि आपल्याकडचे पालक मुलाला टाचा उंच करायला सांगतात, जाड तळाचे बूट घालून आणतात, आणि काम करणाऱ्या पोराशी हुज्जत घालतात. ती पट्टी वयाची परीक्षा नव्हे, दांडीची आहे. दांडी मोठ्या माणसाच्या मांडीवर बसेल अशा बेताने केलेली असते. उंची कमी असली की मूल तिच्याखालून निसटू शकते. चार बोटांची लबाडी करून आपण मुलाला त्या दांडीतून सोडवून घेत असतो. हृदयविकार, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण ह्या चार अवस्थांत हा खेळ नको. जेवून लगेच नको. रांगेत शिरण्यापूर्वी ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे, पोटभर मिसळ मागून खावी.

वृद्धांनी बसू नये का, असे मला हमखास विचारतात. वय हे कारण नव्हे. दुखणे असेल तर ते कारण. आमच्या आळीतल्या एक आजी, नऊवारी नेसणाऱ्या, मुलगा नको म्हणत असताना डॉक्टरांना विचारून बसल्या. त्यांची तयारी पाहण्यासारखी होती. पदर कमरेला खोचून त्याला पिन लावली, चष्मा सुनेच्या स्वाधीन केला, कवळी रुमालात बांधली आणि रुमाल पोलक्यात ठेवला. खाली उतरल्यावर एवढेच म्हणाल्या, "रेवसची तर ह्याच्यापेक्षा जास्त भिजवायची, आणि तिकीटही कमी होतं." पाचवारी, ओढणी, मफलर, लांब केस ह्या साऱ्यांना हाच नियम : जे फडफडते ते बांधावे. श्रवणयंत्र काढून ठेवावे. मोबाइल आणि पैशांचे पाकीट न बसणाऱ्या माणसाकडे द्यावे. कोणीच मागे राहत नसेल तर तिथे कपाटे भाड्याने मिळतात. वाणसामानाच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल कोरडा राहतो, हा निव्वळ भ्रम आहे. पन्हळीतले पाणी पुनःपुन्हा फिरवलेले असते, त्यात औषध घातलेले असते. ते तोंडात गेले तर थुंकून टाकावे.

वेळ कोणती गाठावी? शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा. दार उघडताच सगळा लोंढा समोरच्या मोठ्या पाळण्यांकडे धावतो, तेव्हा होडीकडे रांग लहान असते. पण सकाळी भिजले तर दिवसभर ओल्या कपड्यांनी हिंडावे लागते, आणि आतल्या थंड केलेल्या दालनांत शिरले की मुले कुडकुडतात. दुपारी उन्हात रांग लांब. मला स्वतःला दुपार कलल्यानंतरचा, चारच्या सुमाराचा वेळ पसंत आहे. ऊन असते, कपडे अंगावरच निम्मे वाळतात, आणि सकाळच्या उत्साहाने आलेली मंडळी तोवर दमून सावलीला बसलेली असतात. सुती कपडे जड होतात आणि लवकर वाळत नाहीत. मिश्र धाग्याचे बरे. पायात पट्ट्याची चप्पल असावी. अंगठ्याची सपाता उतारावर पायातून सुटते आणि मग ती पन्हळीत तरंगत राहते. उतरताना होडी पुरती थांबू द्यावी. धक्क्याची फळी ओली असते, आणि इथे जे काही लागते-खरचटते त्यातले पुष्कळसे ह्या शेवटच्या पावलाला होते.

कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत ठेवावा, दिवसभर खांद्यावर वागवू नये. आणि आसनांवर टाकायला जुनी चादर न्यावी. खोपोलीपासून पनवेलपर्यंत मुले झोपतात, पनवेलला जागी होतात, आणि उरण येईपर्यंत कोणाच्या बाजूला जास्त पाणी उडाले ह्यावर भांडतात.